साडेपाचचं खोटं

प्रिय बाळ्या,

ख्रिस्तात प्रेमाचा सलाम.

सात महिने झाले. तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींचं मिळून उत्तर म्हणून मी फोनवरून ते हात जोडलेलं पिवळं चित्र पाठवलं. हल्ली माझे हात तेवढेच जोडले जातात, हे पुढे वाचशीलच. प्रकृती बरी. बीपी आहे तिथेच आहे, गोळी चालू. हिची पाठ मधूनमधून बोलते. झालं.

मी एक खोटं बोललोय रे. तसं लहानसं. पण ते आता चालायला लागलंय, वाढायला लागलंय, आणि ते कुणाला सांगावं तर तुझ्याशिवाय नाव सुचेना. वसतिगृहात तीन वर्षं माझं पांघरूण ओढायचं काम तू केलंस. कुंभकर्ण हे नावही तुझंच. त्यामुळे हे खोटं किती मोठं आहे हे फक्त तुलाच कळेल.

तरुण संघाच्या शिबिरात मला विषय दिला होता, खोलीतली प्रार्थना आणि बाहेरची सेवा. हसू नकोस. पाळकसाहेबांनीच दिला. म्हणाले, तुमच्याइतकं बाहेर कोण हिंडतं? खरंच आहे ते. सोमवारी इस्पितळ, बुधवारी तुरुंगातली उपासना, शनिवारी घरोघर भेटी, आणि मधल्या दिवशी कुणाचं ना कुणाचं बोलावणं. बोललो पाऊण तास. रंगलं, बाळ्या. जर्मनीतल्या हेर्नहूट या ख्रिस्ती वस्तीची गोष्ट सांगितली. १७२७ साली चोवीस पुरुष आणि चोवीस बायका एकेक तास वाटून घेतात, प्रार्थनेचा पहारा सुरू होतो आणि शंभर वर्षांहून जास्त चालतो. मग पाचच वर्षांनी, १७३२ मध्ये, त्या एवढ्याशा वस्तीतून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे जायला निघतात. डोबर आणि निट्शमन ही नावं मी अशी घेतली की जणू आमच्याच पलीकडच्या आळीतली माणसं. मागच्या बाकांवरून सुस्कारे ऐकू आले. मला सुस्कारे आवडतात, तुला माहीत आहे.

संपल्यावर एक पोरगा आला. बावीस-तेवीसचा, किडकिडीत, नुकताच आमच्याबरोबर इस्पितळात यायला लागलेला. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी करता? म्हणजे एकटे?"

आणि मी म्हणालो, "पहाटे साडेपाच ते साडेसहा."

एक क्षणही लागला नाही. साडेपाच! पाच म्हटलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं, सहा म्हटलं तर शोभलं नसतं. बरोबर मधला आकडा. खरं उत्तर काय होतं सांगू? खरं उत्तर होतं, दोन वर्षं झाली. इतरांबरोबर करतो, इतरांसाठी मोठ्यानं करतो, खाटेशी उभा राहून करतो, बैठकीच्या आधी आणि नंतर करतो. दार लावून, कुणी ऐकत नसताना, शेवटची कधी केली ते आठवत नाही. आणि ती बंद पडली तेव्हा काहीच कोसळलं नाही, ही खरी गंमत. काम तसंच चालू राहिलं. उलट वाढलं.

आता तू म्हणशील, हे तर मी अठरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. पायऱ्यांवर उभा राहून, लांब्यासमोर. "तू सेवा करतोस ती प्रार्थना टाळायला." आणि मी म्हणालो होतो, "आणि तू प्रार्थना करतोस ती काम टाळायला." मग तू ती लिझ्यूची तेरेसा काढलीस. मठाच्या भिंतीबाहेर पाय न टाकता चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये वारलेली मुलगी, आणि १९२७ मध्ये पोपनी तिला फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीनं साऱ्या मिशनकार्याची संरक्षक ठरवली. आपण दोघं काही कॅथलिक नाही, पण तू तिला वकिलासारखी उभी केलीस. मी म्हणालो, झेवियर हिंडला म्हणून तिला बसायला मिळालं. लांब्या म्हणाला, तुम्ही दोघंही बसा, मला झोप येतेय. त्यानंतर चार महिने आपण बोललो नाही.

ते भांडण मी अजून पूर्ण हरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ती बसून नुसती जपमाळ ओढत नव्हती. दोन मिशनरी तिच्या वाट्याला दिले होते आणि ती त्यांना पत्रं लिहायची, नावानिशी. म्हणजे तिच्या बंद खोलीलाही बाहेर उघडणारं दार होतंच. असो. मुद्दा तुझ्याकडेच झुकतोय, मी फक्त वजनात काटा मारतोय.

पोराची गोष्ट पुढे ऐक. दोन महिन्यांनी तो घरी आला. डोळे लाल, गालफडं बसलेली. पिशवीतून एक वही काढली. तुझ्या पाढ्यांच्या वहीसारखी, आखलेली. चार रकाने: तारीख, उठण्याची वेळ, किती मिनिटं, काय झालं. सत्तेचाळीस दिवस. सत्तेचाळीसही दिवस दुसऱ्या रकान्यात ५.३०. माझे साडेपाच, बाळ्या! मी वाटेत टाकून दिलेली वस्तू त्यानं उचलून, पुसून, रोज वापरली होती.

"काका," म्हणाला, "माझं काहीच होत नाही. तुमचं कसं होतं?"

मी उत्तर द्यायचं टाळायला वही चाळायला लागलो. चौथ्या रकान्यात बारीक अक्षरात: काही नाही. काही नाही. झोप. काही नाही. आईवर ओरडलो ते आठवलं. झोप. काही नाही. मग अकराव्या की बाराव्या दिवशी: सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा आठवले, का ते माहीत नाही. त्याच ओळीपुढे वेगळ्या शाईनं, म्हणजे संध्याकाळी लिहिलेलं: जाऊन आलो, त्यांना चष्मा सापडत नव्हता. पुढे: काही नाही. झोप. मग: धाकट्या काकांशी तीन वर्षं बोललो नाही. दोन दिवसांनी वेगळी शाई: फोन केला, उचलला नाही. आणखी दोन दिवसांनी: उचलला.

मी मोजलं. सत्तेचाळीस दिवसांत नऊ वेळा शाई बदलली होती. नऊ वेळा पहाटे कुणीतरी आठवलं आणि संध्याकाळपर्यंत हा पोरगा त्या दारात जाऊन उभा होता. आणि तो मला सांगतोय, काहीच होत नाही.

सात नंबरच्या त्या खाटेशी मीही दोन सोमवार उभा होतो. छान प्रार्थना केली होती. चष्म्याचं मला माहीत नाही.

मी त्याला म्हणालो, "प्रभूला वेळ द्यावा लागतो बेटा." म्हणजे दुसरं खोटं, पहिल्यापेक्षा गुळगुळीत. तो मान हलवून गेला. याला आज आठ दिवस झाले, आणि आठही दिवस माझं डोकं त्या वेगळ्या शाईत अडकलंय.

शिबिरात मी म्हणालो होतो की प्रार्थना म्हणजे सेवेचं इंधन. टाकी, पंप, गाडी, सगळं सांगितलं. आता तो दाखला मलाच पटेना. इंधन भरलं की चालक वळवील तिकडे गाडी जाते. शुभवर्तमानातल्या कफर्णहूम गावात बघ काय झालं. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी, रोगी काय, भूतग्रस्त काय. येशू मोठ्या रात्री उठून एकटाच निघून गेला. शिष्य शिमोन आणि मंडळी शोधत आली आणि म्हणाली, सगळे तुम्हाला शोधताहेत. माझ्यासारख्याचा ऊर भरून आला असता. सगळे शोधताहेत! पहाटेच्या प्रार्थनेनं टाकी भरलीय, चला परत, रांग लावा. आणि तो म्हणतो, आपण दुसऱ्या गावांत जाऊ या. त्या एकांतात त्याला 'नाही' म्हणायचं बळ मिळालं, तेही रोग्यांनी भरलेल्या दाराला. मी गेल्या दोन वर्षांत एकाही बोलावण्याला नाही म्हटलेलं नाही. लोक याला समर्पण म्हणतात. मला फोन वाजलेला आवडतो, बाळ्या, बाकी काही नाही.

ग्रीकवाल्या सरांचा तास आठवतो? तू पहिला, मी काठावर, आणि काठावरही तुझ्या वहीमुळे. मत्तयात येशू शिष्यांना म्हणतो, पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा, तिथलं क्रियापद सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, एक्बालो. ढकलून बाहेर काढणे. पुढच्याच अध्यायात अशुद्ध आत्मे काढून टाकायला तेच क्रियापद. आपण दोघं खूप हसलो होतो, की देव कामकऱ्यांना भुतांसारखा हुसकावतो. तेव्हा एक गोष्ट नजरेतून सुटली होती. नवव्या अध्यायात ज्यांना 'मागा' म्हटलं, दहाव्यात त्यांनाच धाडलं. मागायला गेलेले स्वतःच हुसकले गेले. या पोराचं तेच झालंय. मी मात्र आत गेलोच नाही, तर मला ढकलणार कुठून? मी आपला आपणच बाहेर पडलोय.

आणि ती 'खोली', 'खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर' मधली. तीही सरांनीच सांगितली होती: तामेइओन, म्हणजे धान्यसामान ठेवायची आतली कोठी. लूकमध्ये 'कावळ्यांना कणगी नाही' म्हटलंय, ती कणगी हीच. मी शिबिरात हेही सांगितलं, वर तुझं नाव न घेता. कोठीत न जाता कोठीची माहिती वाटत होतो.

एक गोष्ट मात्र मला खरंच सुटत नाही, आणि त्यावर तू उपदेश न करता उत्तर दे. या दोन वर्षांत माझ्या कोरड्या प्रार्थनांनी लोकांचं भलं झालंय. तुरुंगातला एकजण माझे हात धरून रडला, त्यानं घरी पत्र लिहिलं, घरचे भेटायला आले. हे खोटं नव्हतं. मग? देवानं बलामाच्या गाढवीकडूनही बोलून घेतलं, हे मला पाठ आहे. पण त्या गाढवीला निदान रस्त्यातला देवदूत दिसला होता. मला तोही दिसत नाही. जुन्या करारातल्या नहेम्यासारखं म्हणावं तर राजानं विचारल्यावर त्यानंही उभ्या उभ्या एका श्वासाची प्रार्थना केली आणि लगेच बोलला. मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी उभ्या उभ्या करणाऱ्यांतला. काल रात्री मागचं पान उलटलं. किस्लेव महिना ते नीसान महिना. चार महिने तो रडत, उपास करत, रात्रंदिवस तेच मागत होता, आणि मग तो एक श्वास. माझ्याकडे नुसते श्वास साठलेत.

परवा रात्री खोलीत जाऊन दार लावलं. सांगतो काय झालं. पहिली पाच मिनिटं मी देवाला चांगल्या मराठीत संबोधत होतो. कुणी ऐकत नाहीये हे लक्षात आल्यावर वाक्यं संपली. मग पंख्याचा आवाज. मग हिनं बाहेरून विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" दार लावलं म्हणून ती घाबरली! चोवीस वर्षांच्या संसारात माझं लावलेलं दार म्हणजे आजारपण. मी म्हटलं, प्रार्थना करतोय. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं, मग टीव्ही बंद करते." तेवढ्यावर मला का रडू आलं कोण जाणे. आठवणीत कुणीही आलं नाही, सात नंबरही नाही, चष्माही नाही. फक्त तो पोरगा आला, वही घेऊन.

म्हणून काल त्याला फोन केला, ये म्हटलं, बोलायचंय. म्हणाला, "सकाळी येऊ का, तुमची वेळ झाल्यावर?" मी म्हणालो, साडेसहाला ये. तर म्हणतो, "नको काका, साडेपाचलाच येतो, एकदा तुमच्याबरोबर बसायचंय." मी हो म्हणून बसलो. हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. तो शुक्रवारी येणार आहे. त्याला आधी काय सांगू, खोटं की माफी, की वही पुन्हा उघडून ती वेगळी शाई दाखवू? मला वाटतं, शाई आधी. माझी गोष्ट ऐकल्यावर त्याला आपली वही फाडावीशी वाटली तर?

तुझी बातमी कळली, लांब्याकडून. नोकरी सोडलीस म्हणे, की सोडायला लावली? सविस्तर लिही. वहिनींचा डोळा आता कसा आहे? धाकटी परीक्षेला बसली की अजून चित्रंच काढतेय? काढू दे. मावशींचं वाचून वाईट वाटलं, मी यायला हवं होतं, त्या दिवशी तीन ठिकाणी बोलावणं होतं. हे वाक्य लिहिताना माझं मलाच दिसलं.

एवढं कर. शुक्रवारी पहाटे सव्वापाचला मला फोन कर. तू त्या वेळेला उठलेला असतोसच, अठरा वर्षं त्याचा तोरा मिरवतोयस. दोनदा वाजू दे. पहिल्यांदा मी बंद करून झोपणार, तुला ठाऊकच आहे.

तुझाच,
कुंभकर्ण