जेरुसलेमची सीमा ढासळली ती बाल्डविननंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रुसेडवरील (ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांवरील) आपल्या पुरवणीतल्या लेखात जेरुसलेमचा राजा चौथा बाल्डविन याची ‘दुर्दैवी कुष्ठरोगी’ म्हणून एका वाक्यात बोळवण केली आहे आणि ११८७ मध्ये जेरुसलेम पडल्याचे खापर त्याच्या आजारपणावर फोडले आहे. हे मला अजिबात पटले नाही. बाल्डविन ११८५ मध्ये वारला आणि तो हयात असेपर्यंत मुस्लिम सुलतान सलादिनला जेरुसलेम घेता आले नाही.

बाल्डविनचे शिक्षक, टायरचे विल्यम, यांनी लिहून ठेवले आहे की खेळताना मुले एकमेकांच्या हातांना नखे रुतवत, बाकीची ओरडत, हा मात्र गप्प. तपासल्यावर कळले, त्याचा उजवा हात बधिर होता. तेराव्या वर्षी तो गादीवर आला. इजिप्त आधीच सलादिनकडे होते. त्याच वर्षी, ११७४ मध्ये, दमास्कसही त्याच्या हाती गेले. दोन्ही अंगांना एकच शत्रू!

नोव्हेंबर ११७७ मध्ये सलादिन इजिप्तहून चालून आला. बाल्डविन अस्कलॉनच्या तटाआड अडकला असे समजून त्याने फौज लुटीला पांगू दिली. सोळा वर्षांचा राजा बाहेर पडला, गाझाचे टेम्पलर (ख्रिस्ती लढवय्ये संन्यासी) त्याला येऊन मिळाले आणि २५ तारखेला मोंगिसारजवळ त्याने घाला घातला. सलादिन कसाबसा इजिप्तला पोचला.

बाल्डविन चुकलाही. जॉर्डन नदी पायी ओलांडता येते त्या उतारावर, दमास्कसच्या वाटेवर त्याने किल्ला बांधायला घेतला. तो पाडण्यासाठी सलादिनने आधी ६० हजार, मग एक लाख दिनार देऊ केले; बाल्डविनने नाकारले. ऑगस्ट ११७९ मध्ये सलादिनच्या माणसांनी तटाखाली भुयार खणून, आत आग लावून तट पाडला. राजा तिबेरियासला फौज जमवत होता, तो पोचण्याआधीच सारे संपले. पण त्यातून तो शिकला. पुढच्याच वर्षी त्याने सलादिनशी तह केला. माझ्या मते मोंगिसारपेक्षा हा शहाणपणा मोठा.

११८३ मध्ये केरकच्या किल्ल्याला सलादिनचा वेढा पडला तेव्हा त्याची दृष्टी गेली होती, हातापायांत त्राण नव्हते. तरी तो डोलीतून फौजेबरोबर निघाला. फौज जवळ येताच सलादिनने वेढा उठवला.

रोगामुळे त्याला संतती नव्हती, म्हणून सत्ता अखेर बहीण सिबिलाचा नवरा गी याच्याकडे गेली, हे मान्य. पण बाल्डविनने ११८३ मध्येच गीला कारभारीपदावरून काढून लहान भाच्याला राज्याभिषेक करवला होता. पुढे राजा झालेल्या गीने जुलै ११८७ मध्ये किल्ल्यांतली शिबंदी काढून सगळी फौज पाणी नसलेल्या माळावर नेली. हॅटिनला ती संपली, मागे किल्ले राखायला माणसे उरली नव्हती. २ ऑक्टोबरला जेरुसलेम पडले.

हा निर्णय गीचा होता. पुढच्या पुरवणीत तशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक