तक्रार पत्र : ‘स्टार ट्रेक’पासून दुरावत चाललेल्या चाहत्यांबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
कार्यक्रम निर्मिती व प्रेक्षक सेवा विभाग,
‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेली कंपनी

विषय : ‘स्टार ट्रेक’ मालिकांची मांडणी आणि त्यांच्या उपलब्धतेविषयी तक्रार

महोदय,

मी आपल्या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणीदार असून ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासावरच्या अमेरिकी विज्ञानकथेच्या जुन्या मालिका आणि नव्यांपैकी बहुतेक सर्व पाहिल्या आहेत. या मालिकांची लोकप्रियता ओसरू लागली की त्याचे खापर हमखास चाहत्यांच्याच माथी फोडले जाते. चाहत्यांना बदल सोसत नाही, त्यांना तेच ते जुने हवे असते, असे म्हणून विषय मिटवला जातो. हे स्पष्टीकरण मला मान्य नाही, आणि त्यामागची कारणे आपल्या दफ्तरी लेखी राहावीत म्हणून हे पत्र पाठवत आहे.

बदल या प्रेक्षकांनी वेळोवेळी स्वीकारलेला आहे. मूळ मालिकेतील क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीच्या कपाळावर उंचवटे नव्हते. 1979 च्या चित्रपटात ते अचानक आले आणि थोड्याच काळात क्लिंगॉन म्हणजे तेच, असे ठरून गेले. 1993 साली सुरू झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ने यानाऐवजी अंतराळ स्थानकालाच घर केले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली; आज मात्र जाणकार चाहते तिचे नाव आदराने घेतात. मूळ मालिकेतली उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी तर 1966 पासून यानाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रण कक्षात, बसलेली आहे, त्यामुळे पडद्यावरचे वैविध्य खुपते म्हणून सारा प्रेक्षक पांगला, हा युक्तिवादही मला लंगडा वाटतो. असे कुरकुरणारे लोक आहेत, पण सगळी नाराजी त्यांच्या नावावर टाकणे सोयीचे असले तरी खरे नाही.

माझी मुख्य तक्रार अशी आहे की, आपण या मालिकांमधून साधे भाग काढून टाकले. 1987 साली सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेच्या बहुतेक पर्वांत 26 भाग असत आणि त्यांतले कित्येक सुमार असत, हे मी नाकारत नाही. परंतु एवढे भाग भरायचे असल्यामुळेच लेखकांना लहान गोष्टींकडे वळावे लागे. डेटा हा यंत्रमानव स्वतःचा मालक आहे की स्टारफ्लीट या अंतराळ दलाची मालमत्ता, या प्रश्नावरचा 1989 सालचा भाग मुख्यतः एका खोलीतल्या सुनावणीवर उभा आहे. त्यात युद्ध नाही, स्फोट नाही. नियमाप्रमाणे डेटाविरुद्ध बाजू मांडण्याची पाळी त्याच्याच मित्रावर, रायकर या अधिकाऱ्यावर, येते. रायकर त्याचा हात काढून दाखवतो, मग त्याचे बटण बंद करतो, आणि डेटा मान टाकून पुढे कोसळतो. त्या वेळी रायकरच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते कितीही पैसा ओतून संगणकावर तयार करता येणार नाही.

पात्रांचेही तेच. माइल्स ओब्रायन ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या भागात दिसला तेव्हा त्याला नावसुद्धा नव्हते. ट्रान्सपोर्टर या माणसे क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रामागे उभा राहता राहता त्याला नाव मिळाले, लग्न झाले, मूल झाले आणि पुढे ‘डीप स्पेस नाइन’मध्ये तो प्रमुख पात्रांपैकी एक झाला. याउलट ‘डिस्कव्हरी’ या नव्या मालिकेतली एरियम पाहा. ही अर्धयांत्रिक अधिकारी पहिल्या पर्वापासून ब्रिजवर आहे, पण ती कोण, तिचा नवरा कसा गेला, ती आठवणी कशा जपते, हे सारे आपण 2019 मधल्या ज्या एका भागात सांगितले, त्याच भागाच्या शेवटी तिला यानाच्या एअरलॉकमधून (हवाबंद दारातून) बाहेर अंतराळात फेकून दिले. जिची ओळख तासाभरापूर्वी झाली, तिच्यासाठी आम्ही रडावे अशी अपेक्षा होती! तिच्यासोबत ब्रिजवर असलेल्या डेटमर आणि ओवोसेकुन यांच्याविषयी तर पाच पर्वांनंतरही सांगण्यासारखे फार थोडे हाती लागते.

‘डिस्कव्हरी’च्या पर्वातील भाग 15 वरून 10 वर आले, आणि त्या थोडक्या भागांत दर वेळी सगळ्या विश्वावरच संकट. एकदा समग्र जीवसृष्टी संपवू पाहणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, एकदा ग्रहच्या ग्रह गिळत निघालेली अंतराळातली विसंगती. विश्व दर पर्वात बुडायला लागले, की ते बुडणार नाही हे प्रेक्षकाला आधीच कळते आणि त्याची धास्ती उरत नाही.

हे पहिल्यांदा घडत आहे असेही नाही. 1987 ते 2005 या सलग 18 वर्षांच्या निर्मितीच्या अखेरीस प्रेक्षक गळाले, ते उलट कारणाने. ‘व्हॉयेजर’ या मालिकेतले त्याच नावाचे यान घरापासून 70,000 प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले. फक्त 38 टॉर्पेडो शिल्लक, नवे मिळण्याचा मार्ग नाही, असे सुरुवातीलाच सांगितले गेले. पुढे त्याहून कितीतरी अधिक टॉर्पेडो डागले गेले (चाहते मोजत बसतात, हे आपल्याला ठाऊक असायला हवे), आणि यान पुढच्या आठवड्यात पुन्हा चकचकीत. ‘एंटरप्राइझ’ या मालिकेचा 2005 मधला शेवटचा भाग तर दुसऱ्याच मालिकेतल्या पात्रांनी होलोडेकवर, म्हणजे आभासी दृश्ये उभी करणाऱ्या खोलीत, पाहिलेला खेळ ठरला. तेव्हाची तक्रार होती की, झालेल्या गोष्टींचे परिणाम उरत नाहीत. त्यावरून आपण एका भागात एक पूर्ण गोष्ट सांगणारे स्वतंत्र भागच नकोत असा निष्कर्ष काढला, तो चुकीचा होता.

दुसरी तक्रार उपलब्धतेची आहे. मूळ मालिका 1968 मध्ये प्रेक्षकांच्या पत्रांच्या जोरावर एका पर्वापुरती तगली, शुक्रवारी रात्री 10 ची अडचणीची वेळ तिला मिळाली आणि 1969 मध्ये ती बंद झाली. तिचा खरा चाहतावर्ग पुढच्या दशकात, स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रक्षेपणांतून तयार झाला, कारण ती सहज समोर येत होती. आपण नेमके याच्या विरुद्ध वागता. नोव्हेंबर 2021 मध्ये ‘डिस्कव्हरी’चे चौथे पर्व दोन दिवसांवर आलेले असताना अमेरिकेबाहेरच्या बहुतेक प्रेक्षकांना ते आता मिळणार नाही, असे कळवण्यात आले, ओरड झाल्यावर काही देशांपुरती घाईघाईने सोय झाली. 2023 मध्ये लहान मुलांसाठी काढलेली ‘प्रॉडिजी’ आपण रद्द केलीच, शिवाय आपल्या सेवेवरून हटवली, तेही दुसरे पर्व तयार होत असताना. ते पर्व अखेर दुसऱ्या सेवेने दाखवले. नव्या पिढीसाठी मुद्दाम उघडलेले दार आपणच बंद केले, मग नवे चाहते कोठून येणार?

चाहत्यांनी स्वतः बनवलेल्या ‘स्टार ट्रेक’ लघुपटांवर 2016 मध्ये घातलेल्या अटींबद्दल मी फार लिहीत नाही. एका प्रकल्पाने मोठी रक्कम गोळा केल्यावर आपल्याला हक्क जपणे भाग होते, हे समजते. तरीही 15 मिनिटांची, फार तर दोन भागांत मिळून 30 मिनिटांची मर्यादा जाचक आहे.

‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या नव्या मालिकेने स्वतंत्र भागांची रीत परत आणली आणि तिचे स्वागत झाले, ही गोष्ट मी आनंदाने नोंदवते. मात्र तिचेही पर्व 10 भागांचेच, आणि दुसऱ्या व तिसऱ्या पर्वांत जवळजवळ दोन वर्षांचे अंतर पडले. हॉलिवूडमधील लेखक व कलाकारांचे 2023 चे संप हे त्याचे एक कारण होते. परंतु भागांची संख्या संपामुळे कमी झालेली नव्हती.

तरी माझी विनंती अशी की, पुढील मालिकांत कमी खर्चाचे का होईनात, पण अधिक भाग द्यावेत आणि त्यांतले काही दुय्यम पात्रांसाठी राखावेत. एखादी मालिका सेवेवरून हटवायची असल्यास वर्गणीदारांना पुरेशी पूर्वसूचना द्यावी. आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’प्रमाणे ‘डीप स्पेस नाइन’ व ‘व्हॉयेजर’ यांच्याही मूळ फिल्मवरून सुस्पष्ट आवृत्त्या काढाव्यात. यांपैकी जे शक्य नसेल, त्याचे कारण ठरावीक छापील उत्तराऐवजी नेमक्या शब्दांत लेखी कळवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक वर्गणीदार प्रेक्षक