जुने अपघात-अहवाल कुलपात कशासाठी?

संपादक महोदय,

गगनयानातून माणूस पाठवायची तयारी चालली आहे, म्हणून इस्रोच्या जुन्या अपघात-अहवालांबद्दल हे पत्र.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. ट्रेनी मुलांना मी हटकून नासाच्या अपोलो-13 या चांद्रमोहिमेचं उदाहरण द्यायचो. एप्रिल 1970 मध्ये त्या यानाची ऑक्सिजनची टाकी फुटली. का फुटली, ते चौकशी अहवालात आहे: हीटरचे थर्मोस्टॅट (जास्त तापल्यावर हीटर बंद करणारे स्विच) 28 व्होल्टचे, तळावरचा पुरवठा 65 व्होल्टचा. स्पेसिफिकेशन बदललं, स्विच तेच राहिले. उड्डाणाआधी टाकी रिकामी करताना हीटर तासन्‌तास चालू ठेवला, स्विच चिकटून बसले, वायरींवरचं टेफ्लॉन खराब झालं आणि पुढे अंतराळात ठिणगी पडली. ‘ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, स्टोअरमध्ये माल जुनाच’ हा प्रकार रबाळ्याच्या पोरांना नवा नसतो, त्यामुळे त्यांना हे लगेच कळायचं. तो अहवाल दोनच महिन्यांत, जून 1970 मध्ये आला आणि जगाला वाचायला मिळाला. तेही शीतयुद्ध चालू असताना.

त्याच नासाने मार्च 2013 मध्ये आपल्या तांत्रिक अहवालांचं संकेतस्थळ सरसकट बंद केलं. माहिती चीनच्या हाती लागेल, अशी ओरड अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य फ्रँक वुल्फ यांनी केली होती. मग अपोलोच्या काळातले, पूर्वीपासून खुले असलेले कागदही अडकले. मे महिन्यात संकेतस्थळ परत आलं, तपासणी होईल तसतसे कागद सुटू लागले. इतक्या वर्षांत ज्याला ते कागद हवे होते, त्याने ते घेतले नसतील का?

आपल्याकडे कुलूप आधीच असतं. एसएलव्ही-3 या उपग्रह सोडणाऱ्या आपल्या रॉकेटचं पहिलं उड्डाण 10 ऑगस्ट 1979 रोजी फसलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतला व्हॉल्व्ह गळला, इंधन जाळायला लागणारं नायट्रिक आम्ल वाहून गेलं, रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पण व्हॉल्व्हवाल्याचे प्रश्न यापुढे सुरू होतात: व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या सीटवर कचरा कुठून आला, लीक टेस्ट किती दाबाला घेतली, शेरा कुणी मारला? आठवणींच्या पुस्तकांत हे सापडत नाही.

चांद्रयान-2 च्या लँडरचं 2019 मध्ये काय चुकलं, ते तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्याआधी अहवाल मात्र लोकांपुढे आला नाही. जे तोंडी सांगता येतं ते कागदावर गुप्त कसं?

माहिती अधिकार कायद्यात वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती देण्याची तरतूद आहे, पण ‘सुरक्षा’ आणि ‘वैज्ञानिक हित’ यांसाठी माहिती नाकारू देणाऱ्या कलम 8(1)(क) ला ती लागू होत नाही. म्हणजे अंतराळ खात्याचं जुनं कधी जुनं होतच नाही.

एसएलव्ही-3 च्या पहिल्या टप्प्याची मोटर पुढे ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीत वापरली गेली, हे मला ठाऊक आहे. ती पानं झाका. गुप्त भाग झाकून उरलेला द्यायला सांगणारं त्याच कायद्याचं कलम 10 त्यासाठीच आहे. ग्राहकाची ड्रॉइंग आम्हीही गेटबाहेर नेत नव्हतो. पण बिघाड पहिल्या टप्प्यात नव्हताच. इस्रोने त्या 1979 च्या व्हॉल्व्हची चौकशी खुली करावी, तूर्त एवढी एकच.

– एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, ऐरोली, नवी मुंबई