तांदळाच्या डब्यातला फोन

मडगाव,
मंगळवार, रात्र

ती. बाबा आणि ती. आई यांना शि. सा. न.

फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितेय. काल आईने शेजारच्या काकींच्या फोनवरून सांगितलं की बाबांनी आपला फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. आधी मला हसू आलं, मग नाही आलं. पिसुर्ल्याच्या खाणीवरून आमोण्याच्या जेटीपर्यंत भर पावसात भरलेला ट्रक नेणारा माणूस जुन्या क्रेडिट कार्डाचं कर्ज फोनवरून मागणाऱ्या कुठल्याशा परक्या पोराच्या आवाजाला भिऊन फोन लपवतो, हे मला काही बघवत नाही.

घरात आपण कोकणी बोलतो आणि पत्र मराठीतून लिहितो, ही बाबांनीच लावलेली सवय. आज ती बरी वाटतेय. कोकणीतून लिहिलं असतं तर त्या पोराला दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

मागच्या शनिवारी येऊन माळ्यावरची ट्रंक उपसली, ती उगाच नाही. ट्रकच्या कागदांखाली कार्डाची बिलं होती, शाई उडून पांढरी पडलेली. पण एक पावती शाबूत होती. बँकेचा निळा शिक्का, बाबांची सही, ११ जानेवारी २०१३, रुपये २,५००. त्यानंतरचा एकही कागद नाही. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. तरी बाबांनी पुढचे चार महिने कुठून कुठून आणून कार्डाचे हप्ते भरले. बिलात बघितलं तर काय, टायर, डिझेल आणि आईचं ऑपरेशन. उधळपट्टीचा एक रुपया नाही त्यात. तेव्हा देणं उरलं होतं ३८,४००. आता तो पोरगा तीन लाख अठरा हजार मागतो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं, वर दंड, वर व्याजावर कर, म्हणून आकडा असा फुगतो. मुद्दल तेवढंच आहे.

आता कायद्याचं. मी इथल्या एका वकिलीणबाईंना सगळे कागद दाखवले. मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. अशा उधारीसाठी कोर्टात दावा लावायचा तर साधारण तीन वर्षांच्या आत. मुदत चालू असताना कर्जदाराने लेखी कबुली दिली किंवा रीतसर पैसे भरले तर ती तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. आपली शेवटची पावती जानेवारी २०१३ ची, म्हणजे २०१६ च्या सुरुवातीला मुदत संपली. कोणी दावा लावलाच तर मुदत बघणं कोर्टाचंच काम आहे, आपण मुद्दा काढला नाही तरी. पण आईला जे समजलं तेही बरोबर नाही. कर्ज पुसलं गेलेलं नाही. वसूल करायचा कोर्टाचा रस्ता बंद झालाय, इतकंच. मागायला त्यांना बंदी नाही, द्यायची सक्ती तुमच्यावर नाही.

म्हणून बाबा, तो 'पाच हजार टोकन भरा, आजच फाईल बंद करतो' म्हणाला त्यावर लक्ष द्या. मुदत संपल्यावर नुसते पैसे भरल्याने जुना दावा जिवंत होत नाही. पण पैशांबरोबर ते एक कागद पुढे करतात, 'उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत देईन', खाली सही. १८७२ च्या करार कायद्यात एक कलम आहे, पंचवीस. मुदत संपलेलं कर्ज फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन हा नवा करार धरतात. म्हणजे तुमची एक सही आणि तेरा वर्षांपूर्वीचं भूत पुन्हा उभं. त्याला ते पाच हजार नकोतच, त्याला ती सही हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा 'देतो', 'बघतो', 'मुदत द्या' असलं काही लिहू नका. आणि २०१३ नंतर कधी कुठे सही केली असेल, कोणी घरी आलं असेल, तर आठवून सांगा. लाजायचं काही नाही. माहीत असलेलं बरं.

त्या दिवशीचा फोन मला अजून टोचतो. संध्याकाळचे पावणेआठ, आई देवासमोर दिवा लावत होती, फोन तिने घेतला. 'मुलगी कुठे कामाला आहे? तिच्या ऑफिसात फोन करू का?' मग पसरकाराच्या दुकानावर फोन करून बाबांचं नाव घेतलं. बाबा, तुम्ही त्या दिवसापासून त्या दुकानावर जात नाही, पाव आणायला दुसऱ्या वाड्यावर जाता, हेही मला कळलंय. या सगळ्याला नियम आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टात लिहून दिलंय की वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत बेअब्रू करायची नाही, घरच्यांना आणि ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही. पावणेआठचा फोन आणि दुकानावरचा फोन, दोन्ही नियमाबाहेर. लाज कोणाला वाटायला हवी?

आणि आईच्या तीन भीती, ज्या तिने मला सांगितल्या आणि बाबांना सांगितल्या नाहीत. पहिली, पोलीस येतील. कार्डाचे पैसे थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. त्यात अटक नाही. (म्हणून कोरा चेक मात्र कोणालाही, कधीही देऊ नये. चेक वटला नाही तर ते प्रकरण फौजदारीत जातं.) दुसरी, घर जाईल. घर दोघांचं आहे आणि कार्डाच्या कर्जाला काहीही तारण नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय घराच्या कौलाला कोणी हात लावू शकत नाही आणि तो हुकूम मिळवायची मुदत कधीच सरली. तिसरी, माझ्यावर येईल. नाही येणार, आई. वारसांना मिळालेल्या मालमत्तेपलीकडे वडिलांचं कर्ज वारसाच्या पगारावर चढत नाही. बाबा शंभर वर्षं जगोत, मग बघू.

खरा कोर्टाचा कागद टपालाने आला तर मात्र उशीखाली सारू नका. बाजू आपली असली तरी हजर राहावं लागतं, नाहीतर एकतर्फी निकाल लागतो. तसा कागद आला की त्याच दिवशी मला कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या दिल्लीच्या 'वॉरंट'ला मात्र भिऊ नका.

अजून एक खटकतं. फोन करणारा नेमका कोण, हे त्याने आजवर सांगितलेलं नाही. बँका असली बुडीत खाती गठ्ठ्याने दुसऱ्या कंपन्यांना विकतात, पुष्कळदा फार कमी भावाने. कधी खरी कंपनी असते, कधी जुनी यादी हाती लागलेला भामटा. ओटीपी मागितला, व्हिडिओ कॉलवर 'अटक' दाखवली, तर सरळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर कळवायचं. नाहीतर हे वाक्य कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ टांगा:

'तुमचं नाव, कंपनी आणि अधिकारपत्र लेखी पाठवा. फोनवर मी काही बोलणार नाही.'

एवढं म्हणून फोन ठेवायचा. तो चिडेल, आवाज चढवेल. त्याचं कामच ते आहे, बिचाऱ्याला महिन्याचा कोटा असणार. वाद घालू नका, खाणी कशा बंद पडल्या तेही सांगत बसू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, हे मात्र ट्रकच्या ट्रिपा लिहायचात त्या वहीत टिपून ठेवा. मी ते घेऊन बँकेला लेखी तक्रार करते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. पैसे पडत नाहीत. माहितीचा नंबर १४४४८.

आता बाबांच्या वाक्याकडे येते. 'घेतले ते दिले पाहिजेत.' मला हे वाक्य खोडता येत नाही आणि खोडायचंही नाही. लहानपणी तुम्ही पसरकाराची वही महिन्याच्या महिन्याला फेडायचात ते मी बघितलंय. माझं मत विचाराल तर आज एक पैसाही देऊ नये. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात, आईच्या गोळ्यांचा खर्च आहे आणि ज्या बँकेकडून घेतले तिने ते खातं कधीच बुडीत टाकलंय. पण हे तुमचं कर्ज आहे आणि निर्णय तुमचा. मुद्दल द्यायचंच ठरवलं तर मी अडवणार नाही, अर्धं मी घालीन. फक्त फोनवरून नाही. कर्ज आज कोणाच्या नावावर आहे त्याचा कागद आधी, 'या रकमेत पूर्ण मिटलं' असं पत्र हातात, पैसे बँकेतून बँकेत, आणि शेवटी ना-देय दाखला. एवढं दिलं तर तुमच्या मनाला बरं वाटावं यासाठी; त्या पोराचा फोन थांबावा यासाठी नव्हे.

तुमच्या नावाचा क्रेडिट रिपोर्ट मागवायला तुमचा ओटीपी लागतो. वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात हे खातं अजून दिसत असेल तर ते कोणाच्या नावाने आहे ते आपल्याला कळेल. रविवारी आले की बसून करू, म्हणून तरी फोन बाहेर काढा. आई, तू काढ, त्यांना सांगत बसू नकोस. तांदूळ झटक, चार्जिंगला लाव. रविवारी सकाळी साडेआठला बस धरायच्या आधी मी फोन करीन. तो उचला.

तुमची,
बाय