बाबांचं पोट आणि प्रोबायोटिक

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, मधुमेहाने नसा खराब झाल्यात तर प्रोबायोटिकने पोट सुधारेल का, हे तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहून पाठवते. आई, हे पत्र फ्रिजला लाव. बाबांकडे दिलंस तर घडी घालून चष्म्याच्या घरात जाईल.

प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव. त्यांनी नस दुरुस्त होत नाही. पायाला मुंग्या येतात ना, तशीच जठराला हुकूम देणारी व्हेगस नावाची नसही वर्षानुवर्षांच्या साखरेने थकते. मग दुपारची पोळी संध्याकाळच्या चहापर्यंत जठरातच पडून राहते. चार घासांत पोट भरणं, पोट डब्ब होणं, करपट ढेकर हे सगळं त्यातलंच. पुढे आतड्यांचीही चाल मंदावते आणि लहान आतड्यात जिवाणूंची नको तितकी गर्दी होते. गॅस आणि रात्रीचे जुलाब यांमागे पुष्कळदा तेच असतं. प्रोबायोटिकचा उपयोग झालाच तर या शेवटच्या भागात, आणि तोही सगळ्यांना होत नाही. काहींचं पोट उलट जास्त फुगतं.

म्हणून आधी ताट बदला. तीन भरपेट जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. मऊभात, मुगाचं पातळ वरण, दुधी, लाल भोपळा चालेल. तुपाची धार नको, स्निग्धाने जठर आणखी रेंगाळतं. कच्ची कोशिंबीर, गवार, मेथीदाणे आणि हो, इसबगोलही बंद. पोट साफ होत नाही म्हणून तुम्ही ते घेता, पण मंद जठरात त्याचा गोळा होऊन बसू शकतो. जेवल्यावर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं चाला आणि निदान दोन तास आडवं होऊ नका. पुण्यात दुपारची वामकुक्षी मोडायला सांगणं म्हणजे धर्मसंकट, पण आरामखुर्चीत टेकून पेपर वाचा.

इतकं दोन-तीन आठवडे जमलं की मग डॉक्टरांना विचारून एकच प्रोबायोटिक सुरू करा. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव हवं, शेवटची अक्षरं किंवा आकडा धरून. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी असं. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणजे नुसतं ‘कुलकर्णी’, सदाशिव पेठेत कुठला म्हणून शोधणार? एका मात्रेत जिवाणू किती, हा आकडा बिलियनमध्ये असतो, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. दहा-बारा प्रकारांची भेळ असलेली कॅप्सूल नको, त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही. चहात किंवा गरम पाण्यात घालू नका, जिवाणू मरतात. अँटिबायोटिक चालू असेल तर मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. सॅकरोमायसिस बोलार्डी नावाचं प्रोबायोटिक जिवाणू नव्हे, ती यीस्ट म्हणजे एक बुरशी आहे, तिला अँटिबायोटिकने काही होत नाही, पण बुरशीवरच्या औषधाने ती मरते. एप्रिल-मेमध्ये पाकीट ओट्यावरच्या कपाटात ठेवू नका. पहिले काही दिवस गॅस वाढू शकतो. चार आठवड्यांत रोजच्या नोंदींच्या वहीत (ती कशी ठेवायची ते शेवटी लिहिलंय) फरक दिसला नाही तर बंद करा, पैसे वाया घालवू नका.

आई, घरचं दही चांगलंच आहे, पण त्यात कुठले जिवाणू किती हे माहीत नसतं, म्हणून ते औषध नव्हे, अन्न. दूध उकळून इतकं कोमट होऊ दे की करंगळी बुडवून दहा आकडे मोजता यावेत. अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा विरजण. डिसेंबरात पातेलं टॉवेलात गुंडाळून रात्रभर ठेव. एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी घालून घुसळ आणि लोणी काढून घे. पातळ असल्याने ताक जठरातून लवकर सरकतं. कढी केलीस तर चवीला उत्तम, पण जिवाणू गेले.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी विचारा. मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीनेही जुलाब होऊ शकतात आणि बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. बी-12 कमी झालं की नसा आणखी बिघडतात, तेव्हा रक्तात ते तपासून घ्या. ॲसिडिटीच्या गोळीत लेव्होसल्पिराइड हे जठराची हालचाल वाढवणारं औषध आहे का ते बघा, उतारवयात त्याने हात थरथरू शकतात. आणि इन्सुलिनची वेळ. अन्न जठरात अडकलेलं आणि इन्सुलिन मात्र कामाला लागलेलं, म्हणून जेवूनही साखर उतरते आणि काही तासांनी चढते. 70च्या खाली गेली तर पेढा-बिस्किट नको, तेही अडकेल. ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा.

आदल्या दिवशीचं अन्न उलटीतून पडलं, शौच काळं झालं किंवा वजन उतरायला लागलं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

वहीत रोज चारच रकाने: काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं, साखर किती. रविवारी फोन करेन तेव्हा आईने वाचून दाखवायचं. बाबा, तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणता ते मी धरत नाही.

तुमची,
सोनू