तारामती कथेत होती

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, चेर्नोबिलवरची २०१९ची मालिका पाहून तुम्ही फोनवर जे बोललात त्याला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले, म्हणून हे पत्र. सर्वंकष सत्तेवरच्या ऐतिहासिक चित्रपटांत अमुक वंशाचे नट का नाहीत, हा आजचा प्रश्न इतिहासावर लादू नये, असे तुमचे म्हणणे. नट हा शेवटी नट असतो, हे पटवायला तुम्ही आपल्या नाशिकचेच उदाहरण दिलेत: त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांच्याकडून करून घेतली. परंतु बाबा, तारामती पुरुषाने साकारली तरी ती कथेत होती. भूमिका कोणी करावी हा एक प्रश्न झाला. जी माणसे त्या काळी खरोखर तिथे होती तीच कथेतून गळावीत, हा दुसरा, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीत १९८६ साली झालेल्या त्या स्फोटानंतर किरणोत्सारी कचरा उपसण्याच्या आणि परिसर साफ करण्याच्या कामाला सोव्हिएत संघाच्या निरनिराळ्या प्रजासत्ताकांतून सुमारे सहा लाख माणसे लावली गेली. त्यांत कझाक होते, उझबेक होते, आर्मेनियन होते. त्यांचे चेहरे दाखवणे म्हणजे इतिहासाला आजचा रंग फासणे नव्हे. ते त्या घटनेचेच चेहरे आहेत. त्या मालिकेतील उलाना खोम्युक हे पात्र अनेक शास्त्रज्ञांना मिळून घडवलेले आहे, असे शेवटी स्पष्ट सांगितले आहे. असे मोकळेपणाने सांगितले, तर त्या स्वातंत्र्याला माझी हरकत नाही.

नाझींच्या छळछावण्यांवर पुष्कळ चित्रपट झाले आणि ज्यूंच्या संहाराची कहाणी सांगितली जायलाच हवी. पण त्याच छावण्यांपैकी आउशवित्झमध्ये २ ऑगस्ट १९४४च्या रात्री रोमा आणि सिंती (ज्यांना ‘जिप्सी’ म्हटले जाई) कुटुंबांचा विभाग रिकामा करून सुमारे ४,३०० जणांना गॅस चेंबरमध्ये मारण्यात आले, त्यांत लहान मुले आणि वृद्ध पुष्कळ होते, हे किती प्रेक्षकांना माहीत असेल? त्यांचा वंशसंहार झाला हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने मान्य केले ते १९८२ साली. सरकारदरबारी ज्यांना इतकी वर्षे लागली, त्यांना पडद्यावरही जागा मिळू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

भूमिका कोणी करावी हा प्रश्नही मी अगदीच बाजूला सारत नाही. आई, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते. कंबोडियावरच्या १९८४च्या ‘द किलिंग फील्ड्स’मध्ये हाइंग न्गोर यांनी काम केले. ते व्यवसायाने डॉक्टर. अभिनय त्यांनी पूर्वी कधी केलेला नव्हता. तिथल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत शिकलेल्या माणसाची धडगत नसे, म्हणून त्यांनी आपण डॉक्टर असल्याचे लपवले. बायको बाळंतपणात अडली, तेव्हा स्वतः प्रसूतितज्ज्ञ असूनही त्यांना काही करता आले नाही, आणि ती त्यांच्यासमोर गेली. त्या भूमिकेला ऑस्कर मिळाले. जगून वाचलेल्यांनीच अभिनय करावा, असा माझा हट्ट नाही. पण त्या मातीतला माणूस शोधण्याचे कष्ट घेतले की चित्रपटाला काय लाभते, ते इथे दिसते.

पुढच्या महिन्यात नाशिकला येईन तेव्हा हा चित्रपट आपण मिळून पाहू. त्यातले काही प्रसंग फार जड आहेत, तेव्हा आई, बसायचे की नाही ते तू ठरव. बाबा, तुम्ही मात्र बसाच. तुमचे मत मला समोरासमोर ऐकायचे आहे.

तुमची,
मेधा