बाबांच्या ऑपरेशनआधीचा एमआरआय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "सीटी झाला, रिपोर्ट आला, मग आता एमआरआय कशाला? उगाच आठवडा जाणार. गाठ काढून टाका म्हणावं लवकर." घाईत काहीतरी उत्तर देण्यापेक्षा नीट लिहून पाठवावं म्हटलं. मी रोज एमआरआयच्या मशीनवर काम करते, त्यामुळे यातलं बरंच मला जवळून माहीत आहे. बाबांचा हा एमआरआय ऑपरेशनच्या आधी व्हायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर काही लपवत नाहीयेत. सीटीचा पूर्ण रिपोर्ट मी वाचला. मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीबद्दल आपल्याला आधी सांगितलं होतं तेच त्यात आहे. नवीन ओळ एकच आहे: यकृताच्या सहाव्या सेगमेंटमध्ये, म्हणजे सहाव्या भागात, ७ मिलिमीटरचा काळसर ठिपका, आकार फार लहान असल्याने नक्की स्वरूप सांगता येत नाही. असे ठिपके पुष्कळ लोकांच्या यकृतात असतात. कधी ती पाण्याची साधी गाठ असते, कधी रक्तवाहिन्यांचा गुंता, ज्याला हिमँजिओमा म्हणतात. दोन्ही निरुपद्रवी. कॅन्सरच्या रुग्णांमध्येसुद्धा एवढे बारीक ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवीच निघतात. पण "बहुतेक वेळा" एवढ्यावर सर्जनला ऑपरेशन आखता येत नाही.

यकृताकडेच एवढं लक्ष का, तर आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं. आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशी बऱ्याचदा तिथेच अडकतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० टक्के लोकांच्या यकृतात निदानाच्या वेळीच गाठी सापडतात. म्हणून यकृत प्रत्येकाचंच तपासतात.

आई, तुझं म्हणणं होतं की सोनोग्राफीत तर यकृत स्वच्छ आलं होतं. सोनोग्राफी चांगलीच तपासणी आहे, पण आतड्यातला वायू, फासळ्या आणि यकृतातली चरबी तिच्या आड येतात. सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ तिच्यातून सहज निसटते. सीटी त्याच्या पुढचा. यकृताला साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून मिळतं आणि उरलेलं धमनीतून. कॅन्सरच्या गाठी मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर वाढतात. त्यामुळे हातातून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी फोटो घेतला, की निरोगी यकृत उजळलेलं असतं आणि गाठ काळी उठून दिसते. त्या दिवशी औषध सोडल्यावर सगळ्यांची एवढी धावपळ चालली होती ती हे सेकंद साधण्यासाठी. पण बाबांच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हरही लिहिलंय. चरबीमुळे सीटीत सगळं यकृतच काळपट दिसतं आणि गाठ आणि यकृत यांतला फरक पुसट होतो. त्यात ठिपका ७ मिलिमीटरचा. सीटीला यापुढचं सांगणं अवघड आहे.

एमआरआयमध्ये तोच ठिपका वेगवेगळ्या तऱ्हेने पाहता येतो. एका प्रकारच्या चित्रात पाणी लख्ख पांढरं दिसतं, त्यावरून साधी पाण्याची गाठ चटकन ओळखू येते. दुसऱ्या प्रकारात पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात ते पाहतात. कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून ती गाठ चमकते. अगदी बारीक गाठीही यात नजरेला येतात. आणि तिसरं म्हणजे यकृतासाठीचं खास इंजेक्शन, गॅडॉक्सेटिक ॲसिड. यकृताच्या निरोगी पेशी ते आत ओढून घेतात आणि पित्तात सोडतात. साधारण २० मिनिटांनी फोटो घेतला की सगळं यकृत उजळलेलं असतं. आतड्यातून आलेल्या गाठीत यकृताच्या पेशीच नसतात, त्यामुळे तिथे काळं भोक पडल्यासारखं दिसतं. कुठल्याही एका चित्रावरून निर्णय होत नाही. ही सगळी चित्रं शेजारी शेजारी लावून रेडिओलॉजिस्ट ठरवतात. स्क्रीनवर मी हे इतक्यांदा पाहिलंय की बाबांच्या बाबतीत फक्त सीटीवर थांबायची माझी तयारी नाही.

युरोपातल्या काही देशांमधल्या रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. आतड्यातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरवर ऑपरेशन ठरलेले २९८ रुग्ण त्यात होते. सीटीवरून उपचार आखून झाल्यावर एमआरआय केला, तेव्हा ३१ टक्के रुग्णांच्या यकृतावरच्या उपचाराची आखणी बदलली. बाबांचं अजून तिथपर्यंत काहीच सिद्ध झालेलं नाही. पण सर्जन एमआरआय मागतात तो कशासाठी, ते यावरून लक्षात येईल.

मामा पेट स्कॅनचा आग्रह धरतोय, प्रेमापोटीच. पेट-सीटीत किरणोत्सारी साखर देतात, कॅन्सरच्या पेशी ती जास्त घेतात आणि उजळतात. यकृताबाहेर कुठे पसरलंय का हे पाहायला ती चांगली आहे. पण निरोगी यकृतही ती साखर घेत असतं, त्यामुळे ७ मिलिमीटरचा ठिपका त्यात हरवू शकतो. कॅनडात ४०४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात यकृताच्या ऑपरेशनआधी पेट-सीटी केल्याने जेमतेम ८ टक्के लोकांच्या ऑपरेशनच्या आखणीत बदल झाला. डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर करू. आज आपला प्रश्न यकृतातल्या एका ठिपक्याचा आहे आणि त्याचं उत्तर एमआरआयच चांगलं देईल.

बाबा, आता तुमच्यासाठी. फोटो किती चांगले येतात हे मशीनइतकंच आत झोपलेल्या माणसावर असतं. पोटावर कॉइल, म्हणजे शरीरातून येणारे सिग्नल टिपणारी पट्टी, बांधतील, ती जरा जड असते. मग पुन्हा पुन्हा "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा" असं सांगतील आणि दर वेळी १५ ते २० सेकंद श्वास धरावा लागेल. बहुतेक ठिकाणी श्वास सोडून धरायला सांगतात, कारण त्यात यकृत दर वेळी त्याच जागी येतं. पोट हललं की चित्र धूसर होतं आणि नेमका तो ठिपका त्यात झाकला जातो. आजपासून रोज उताणं झोपून याची थोडी सवय करा. नाही जमलं तर तिथे तसं स्पष्ट सांगा. श्वास न धरताही काही चित्रं काढता येतात, फक्त वेळ जास्त लागतो. इंजेक्शन गेल्यावर काही सेकंद दम लागल्यासारखं वाटू शकतं. ते आपोआप जातं, घाबरून हलू नका.

तुमचं श्रवणयंत्र आत चालणार नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. ते काढल्यावर श्वासाच्या सूचना तुम्हाला ऐकू येणार नाहीत, त्यात मशीनचा आवाज प्रचंड. आई, आत जायच्या आधीच टेक्निशियनना सांग की यांना कमी ऐकू येतं. हेडफोनचा आवाज वाढवून त्यांना आधी एकदा बोलून पाहू दे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर तुला आत उभं राहू देतील का विचार: पायाला एकदा दाबलं की श्वास धरायचा, दोनदा दाबलं की सोडायचा. त्यासाठी तुझीही धातूची तपासणी होईल, दागिने घरीच ठेवून जा. बाबांच्या गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं फॉर्मवर लिहायला विसरू नका. त्याने बहुतेक अडत नाही, पण त्यांना माहीत असायला हवं. ताजा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्टही बरोबर ठेवा.

आणि सीटीची सीडी न्या, नुसता कागदी रिपोर्ट नको. बाबांच्या मूतखड्याच्या वेळचा जुना सीटी कपाटात असेल, तोही शोध. त्यात कॉन्ट्रास्ट नव्हतं, त्यामुळे कदाचित काही दिसणार नाही. पण तोच ठिपका तेव्हाही तेवढाच असेल, तर तो कॅन्सरचा नाही याचा तो मोठा पुरावा ठरेल.

सर्जनना अजून एक विचारायचंय, ते मीच फोनवर विचारीन: ऑपरेशनआधी केमोथेरपी द्यायचा विचार आहे का? असेल तर एमआरआय केमोच्या आधीच व्हायला हवा. केमोने गाठी आक्रसतात, कधी स्कॅनवर दिसेनाशा होतात, पण आत जिवंत पेशी उरलेल्या असू शकतात. जागा आधी टिपून ठेवली नसेल तर नंतर शोधायचं कुठे?

आणि तो ठिपका कॅन्सरचाच निघाला तर, हे तुम्ही दोघं एकमेकांना विचारत नसलात तरी मनात आहेच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये यकृतात गाठ म्हणजे उपाय संपले असं नाही. एवढी छोटी गाठ बऱ्याचदा कापून काढता येते किंवा सुईने जाळता येते. निरोगी यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढला तरी उरलेलं वाढून भरून येतं. यकृतातल्या गाठी पूर्ण काढता आलेल्या रुग्णांपैकी बरेचजण पाच वर्षांनंतरही हयात असतात. ऑपरेशनच्या वेळीही सर्जन सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर ठेवून पुन्हा पाहू शकतात.

तारीख मिळाली की लगेच कळवा, मी रजा टाकून आदल्या दिवशी येते. तोवर तो जुना सीटी शोधून ठेवा. आणि आई, एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की वाचत बसू नकोस, आधी फोटो काढून मला पाठव.

तुमची,
ताई